मागचं मडगार्ड : पत्रेकामाच्या नोंदी

14 सप्टेंबर

चॅसी चाकांवर उभी आहे, इंजिन आणि गिअरबॉक्स जागेवर आहेत, स्टिअरिंग फिरतं. आजपासून बॉडी. दोन माणसांची, उघडी, बुटकी गाडी, नाक लांब आणि मागची मडगार्डं चांगली भरलेली. ती मडगार्डं डोळ्यांसमोर आली तेव्हाच ही गाडी करायची ठरली होती, त्यामुळे काम तिथूनच सुरू करतोय.

फायबरग्लासचा विचार बरेच दिवस केला. पण त्यात आधी प्लग, म्हणजे बॉडीचा पूर्ण आकाराचा नमुना, मग त्यावरून साचा, मग साच्यातून बॉडी. एकाच गाडीसाठी तोच आकार तीनदा घडवायचा. पत्र्यात एकदाच घडवायचा, फक्त तो घडवता आला पाहिजे.

पत्रा 3003 मिश्रधातूचा, एच14 म्हणजे अर्धा कडक, जाडी 1.2 मिमी. एक चौरस मीटरचं वजन 3.28 किलोच्या आसपास भरतं. 0.8 मिमीचा लोखंडी पत्रा घेतला असता तर 6.3 किलोच्या आसपास गेला असता. 5052 जास्त ताकदीचा आहे, पण ठोकताना फार लवकर कडक होतो. 3003 मध्ये मँगनीज एक-दीड टक्का असतं, तो निभावून नेतो आणि वेल्डिंगलाही गुणी आहे.

22 सप्टेंबर

आठवडाभर लाकूडकाम. बक, म्हणजे बॉडीचा लाकडी सांगाडा, 12 मिमी प्लायचा. दर 150 मिमीवर एक आडवा छेद, मडगार्डच्या माथ्यावर वळण पटकन बदलतं तिथे दर 75 मिमीवर. सगळी मापं चॅसीच्या मध्यरेषेवरून घेतली, कारण चॅसीची नळी इकडेतिकडे दोन मिमी हललेली असू शकते, मध्यरेषा हलत नाही.

छेद उभे केल्यावर बारीक लवचीक लाकडी पट्टी त्यांच्यावरून वाकवून पाहिली. सहाव्या छेदावर ती उचलली जात होती आणि पाचव्या-सातव्याला टेकत नव्हती. ओळंबा लावून पाहिलं तर छेद सरळच होता, कापतानाच 4 मिमी उंच राहिला होता. रंधा मारून उतरवला. अशी पट्टी प्रत्येक दिशेनं फिरवायची, उभी, आडवी, तिरकी. कागदावरच्या रेषेत न दिसलेली चूक ती लगेच दाखवते.

मागच्या भागाचा बक फक्त डावीकडचा केला आहे. उजव्यासाठी तेच छेद उलटे करून तपासायला वापरीन. छेदांमध्ये मोठी भोकं ठेवली आहेत, हात आत जाऊन क्लॅम्प लावता यावा म्हणून. बकवर ठोकायचं नाही. तो फक्त मापाला आहे.

5 ऑक्टोबर

कागदाचा दिवस. जाड खाकी कागद मडगार्डवर टाकला आणि तळहातानं दाबत कडेकडे नेला. माथ्यावर तो बसतो, कडेला आला की चुण्या पडतात. प्रत्येक चूण म्हणजे तिथे कागद जास्त आहे, पत्र्यात तेवढाच धातू आटवावा लागणार. दरवाज्याकडे मडगार्ड आतल्या बाजूनं बॉडीला मिळतं तिथे उलटं घडलं. कागद ताणला जाऊन बसेना, चीर द्यावी लागली आणि चीर उघडून 20 मिमीची फट झाली. तिथे पत्रा वाढवावा लागणार. चुण्या आणि चिरा कागदावरच पेनानं मापासकट लिहून ठेवल्या.

किती आटवायचं याचा अंदाज यावा म्हणून एक साधं गणित मांडलं. 150 मिमी त्रिज्येची सपाट चकती घेतली तर तिचा परीघ 942 मिमी. तीच चकती 300 मिमी त्रिज्येच्या गोलावर बसवायची, मध्यापासून कडेपर्यंतचं अंतर पृष्ठावरून 150 मिमीच ठेवायचं, तर परीघ 904 मिमीच उरतो. जवळपास 39 मिमी कडेतून जायला हवेत. वाकवून ते जात नाहीत. गाऊसनं 1827 मध्ये हेच सिद्ध केलं होतं: पृष्ठ न ताणता, न आटवता कितीही वाकवलं तरी त्याची अंगची वक्रता बदलत नाही. सपाट पत्र्यातून नळकांडं होईल, शंकू होईल, पण दोन दिशांनी फुगलेलं मडगार्ड होणार नाही. त्यासाठी पत्र्याचं क्षेत्रफळच जागोजागी बदलावं लागतं.

मडगार्ड चार तुकड्यांत करायचं ठरवलं: बाहेरची बाजू, माथा, आतली बाजू आणि मागचं टोक. सांधे जिथे वळण कमी आहे तिथे ठेवले, आणि जिथे आतून डॉली, म्हणजे आधाराचा लोखंडी ठोकळा, धरून बाहेरून हातोडी मारता येईल अशाच जागी.

13 ऑक्टोबर

बाहेरच्या बाजूचा तुकडा कापला आणि नरम केला. गॅसचा टॉर्च आधी फक्त ॲसिटिलीनवर पेटवून पत्र्यावर काजळीचा पातळ थर चढवायचा. मग ऑक्सिजन सोडून मऊ ज्योत फिरवत राहायचं, काजळी जळून गेली की तिथला ताव पुरेसा झाला. 3003 साधारण 415 अंशांना नरम होतो आणि 640 च्या थोडं वर वितळायला लागतो. लोखंडासारखा तो आधी लाल होत नाही, चकाकतो तसाच चकाकत राहतो आणि एकदम खाली गळतो. त्यामुळे ज्योत एका जागी थांबवायची नाही, आणि काजळीवरून नजर हलवायची नाही. पाण्यात विझवा किंवा तसाच गार होऊ द्या, या मिश्रधातूला फरक पडत नाही.

वाळूच्या पिशवीवर ठेवून मोगरीनं मध्यात ठोकायला सुरुवात केली. फुगवटा लवकर आला, त्यामुळे हुरूप वाढला आणि संध्याकाळपर्यंत ठोकत राहिलो. बकवर धरला तर मधला भाग छान टेकत होता, कडा मात्र 30 मिमी बाहेर उभ्या होत्या. त्या आत याव्यात म्हणून मध्यात आणखी ठोकलं. रात्री मायक्रोमीटरनं मोजलं: मध्यात 0.85 मिमी. एका ठिकाणी बोटभर लांबीचा तडा.

14 ऑक्टोबर

तो तुकडा बाजूला ठेवला. कागद पुन्हा काढून पाहिला. चुण्या सगळ्या कडेला होत्या, मध्यात एकही चीर नव्हती. म्हणजे मध्याला वाढवायची गरजच नव्हती, मी तिथे दिवसभर वाढवत बसलो होतो. माप माझ्याच हातानं लिहिलेलं होतं.

20 ऑक्टोबर

नवा तुकडा, आणि या वेळी सुरुवात कडेपासून. दोन दात्यांचा काटा कडेवर चढवून पिरगाळला की पत्र्याला चूण पडते, कागदाला पडली होती तशीच, 60–70 मिमी आत जाणारी. अशा चुण्या कडेभर, हाताच्या चार बोटांच्या अंतरानं. मग ओंडक्यावर धरून मोगरीनं चूण बसवायची. इथे फार धीर लागतो. घाई केली तर चूण बाजूला उलगडते आणि पत्रा होता तेवढाच राहतो. दुमडून एकावर एक बसली तर तिथे हमखास तडा जातो. चुणीच्या दोन्ही भिंती एकमेकींत जिरल्या पाहिजेत. बरोबर जिरली की पत्रा तिथे जाड होतो, आणि ते ठोक्याच्या आवाजातही कळतं. पोकळ आवाज जाऊन भरीव येतो.

एक फेरी झाली की कड कडक होते, मग पुन्हा ताव. तीन फेऱ्या केल्या. टेप लावून कड मोजली: सुरुवातीला 1240 मिमी होती, आता 1193. कडेची जाडी 1.3 च्या वर गेली आहे, मध्य जवळपास 1.2 च आहे. आणि मध्याला हातही न लावता तुकड्याला खोली आली आहे. कड आखडल्यामुळे मधला भाग आपोआप वर उचलला गेला.

तुकडा दिसायला मात्र फार खडबडीत आहे, सगळीकडे गाठी. माझ्या मनात मात्र काल-परवाची धास्ती उरलेली नाही.

27 ऑक्टोबर

इंग्लिश व्हील. वरचं चाक सपाट, खालचं फुगीर, मधून पत्रा पुढेमागे सरकवायचा. दोन चाकांमध्ये पत्रा थोडासा दाबला जातो, तेवढाच पसरतो, गाठी बसतात. भांडी घडवणारे ज्याला मठारणं म्हणतात तेच काम, फक्त ठोक्यांऐवजी चाकानं. मला हा शब्द फार आवडतो, कारण त्यात आकार देणं आणि पृष्ठ नितळ करणं दोन्ही एकत्र आहेत, आणि हातात काम असताना ती दोन वेगळी राहतही नाहीत.

एवढा मोठा तुकडा एकट्याच्या हातात मावत नाही. दुसरं टोक धरायला ताई आली.

"मी ओढू का तुझ्याकडे ढकलू?"

"दोन्ही नको ताई, फक्त वजन तोल. दिशा मी देतो. तू दाबलंस तर पत्रा चाकाबाहेर वाकेल."

"अरे, मग मला सांग तरी कुठे बघायचं ते."

"चाकाकडे नको बघूस. तुझ्या हाताखालची कड वर गेली की सांग."

अर्ध्या तासात तिचा हात माझ्यापेक्षा स्थिर झाला. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर थोडी चढवत, पाच-सहा मिमी बाजूला सरकत, आणि वळताना चाक कधीच एका ठिकाणी थांबू न देता. दाब अगदी हलका. सुरुवातीला मी दाब वाढवला तेव्हा चाकाच्या रुंदीच्या पट्ट्या उमटल्या, त्या काढायला आडव्या दिशेनं पुन्हा फिरवावं लागलं.

तिनंच दाखवून दिलं की मी फेऱ्या नेहमी त्याच जागी संपवतोय, कडेपासून हातभर आत, आणि तिथे एक ओळ उंच होत चालली आहे. आता फेऱ्यांची टोकं पुढेमागे ठेवतोय.

2 नोव्हेंबर

आजची नोंद मोठी आहे, कारण आज जे कळलं त्यासाठीच ही वही सुरू केल्यासारखं वाटतंय.

तुकडा बकवर ठेवला. वरची कड टेकली, खालचा पुढचा कोपरा 25 मिमी उभा. माझा हात व्हीलकडेच वळला होता, अजून थोडी खोली हवी म्हणून. पण आधी तो कोपरा नुसता तळहातानं दाबून पाहिला. तो सहज गेला. कुठेही लाट आली नाही, मध्यात काही टुणकन वर आलं नाही, पत्रा शांतपणे बकला लागला. हात काढला, पुन्हा 25 मिमी वर.

म्हणजे क्षेत्रफळ बरोबर होतं. जिथे जेवढा धातू हवा तेवढा होता. तो फक्त वेगळ्या मांडणीत उभा होता. कापड अंगावर बेतून शिवलेलं असलं तरी खाटेवर टाकल्यावर अंगासारखं दिसत नाही, पण घातलं की बसतं, तसंच हे. मी जर त्याला आणखी व्हील केलं असतं तर बरोबर असलेलं क्षेत्रफळ बिघडवून चुकीची मांडणी सुधारायला गेलो असतो, आणि मग दोन्ही चुकलं असतं.

मांडणी बदलायला हत्यारं लागत नाहीत. जाड नळीवर मऊ कापड गुंडाळलं, त्यावर तुकडा ठेवून दोन्ही हातांनी हळू पिळला. तीनदा थोडं थोडं. कोपरा 3 मिमीवर आला.

दाबून पाहणं हीच परीक्षा. दाबल्यावर कडेला लाटा आल्या तर कड लांब आहे, आटवा. मधला भाग डब्याच्या झाकणासारखा आतबाहेर टकटक करत असेल तर मध्यात धातू जास्त आहे किंवा भोवती कमी, त्याप्रमाणे ठरवा. आणि दाबल्यावर काहीच तक्रार नसेल तर ठोकू नका, वाकवा. कागदानं मला हे पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. कागदात चुणी आणि चिरेची मापं होती, आकार नव्हता. कागद घडी करून कपाटात ठेवला तरी त्यातली माहिती तशीच राहते.

9 नोव्हेंबर

माथा आणि आतली बाजू. आतल्या बाजूला उलटं वळण आहे, घोड्याच्या खोगिरासारखं: एका दिशेनं फुगीर, दुसरीनं खोल. तिथे कडा वाढवायच्या, मध्याला हात लावायचा नाही. दोन दिवसांत झाली. माथा आणखी लवकर.

16 नोव्हेंबर

वेल्डिंग. ॲल्युमिनियम 660 अंशांना वितळतं आणि त्याच्यावरची ऑक्साईडची साय 2000 च्याही वर. म्हणून टिग, म्हणजे टंगस्टनच्या टोकानं विजेची ठिणगी धरून करायचं वेल्डिंग, एसीवर, करंटचा एक अर्धा ती साय फोडतो, दुसरा धातू वितळवतो. शुद्ध आर्गॉन, 50 ॲम्पिअरच्या आसपास. सांध्यात वितळवायची सळई 1100 मिश्रधातूची घेतली, 4043 ची नाही. 4043 मध्ये सिलिकॉन आहे, ती सोपी वाहते, पण सांधा कडक होतो, आणि मला सांधा नंतर हातोडीनं घडवायचा आहे.

कडा कानशीनं इतक्या जुळवल्या की मधून उजेड दिसू नये. फट सळईनं भरायला गेलं की तेवढाच धातू थंड होताना आखडतो. दोन्ही बाजू स्टेनलेसच्या ब्रशनं आणि ॲसिटोननं स्वच्छ, मागची बाजूसुद्धा, नाहीतर खालची घाण वर ओढली जाते. दर 20 मिमीला टाका, आणि प्रत्येक टाक्यानंतर पातळी तपासली.

तरीही पूर्ण सांधा झाल्यावर तिथे लांबट खोलगा पडला. पडणारच होता. वितळलेली रेघ थंड होताना लांबीत आखडते आणि फुगीर पृष्ठ तिथे खाली बसतं. पुटीनं भरला तर दिसणार नाही, पण दोष आखडलेल्या धातूत आहे, आणि तो तसाच राहील.

17 नोव्हेंबर

वेल्डची वरची उंची आधी कानशीनं उतरवली, पत्र्याला न लागता. मग सांध्यावर हलका ताव, आणि आतून डॉली, बाहेरून हातोडी, अगदी डॉलीवरच. मध्ये सापडलेला धातू पातळ होतो आणि लांबतो. सांधाभर एक फेरी, मग हात फिरवून पाहायचं. पातळ सुती हातमोजा घातला की बोटांना जास्त कळतं, त्वचा पत्र्याला अडकत नाही आणि उंचसखल सरळ जाणवतं. डोळ्याला जे दिसलं नव्हतं ते हाताला तिसऱ्या फेरीपर्यंत लागत होतं. पाचव्या फेरीला खोलगा वर आला. सांधा कुठे आहे ते आता फक्त रंगातल्या फरकानं कळतं.

30 नोव्हेंबर

चाकाच्या कमानीची कड तारेवर वळवली. 4 मिमीची तार, कडेला तारेच्या व्यासाच्या अडीचपट म्हणजे 10 मिमी जादा ठेवलं. आधी टाकाऊ पट्टीवर करून पाहिलं.

तार ॲल्युमिनियमचीच घेतली. लोखंडी जास्त ताठ असते, पण लोखंड आणि ॲल्युमिनियम ओलाव्यात एकत्र आले की ॲल्युमिनियम खाल्लं जातं. मिलानच्या तूरिंगनं 1930 च्या दशकात सुपरलेजेरा पद्धत आणली, बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा आणि वर ॲल्युमिनियमचं कातडं. गाड्या विलक्षण हलक्या आणि देखण्या होत्या, आणि जुन्या झालेल्या दुरुस्तीला उघडल्या की नेमक्या या दोन धातूंच्या भेटीच्याच जागा कुजलेल्या सापडतात. माझीही चॅसी पोलादी आहे, त्यामुळे जिथे पत्रा तिला टेकतो तिथे रबराची पट्टी ठेवणार.

14 डिसेंबर

डावं मडगार्ड पूर्ण. आता उजवं, आणि उजवीकडचा बक नाही.

पूर्ण झालेल्या मडगार्डवर आधी हलक्या चिकटीची पट्टी शेजारी-शेजारी लावून सगळं पृष्ठ झाकलं. त्यावर फायबरच्या धाग्यांची चिवट पट्टी, एकदा उभी, एकदा आडवी, एकदा तिरकी. ती पट्टी वाकते पण ताणली जात नाही, सगळी मदार त्यावर आहे. मग कडा, सांधे, कमानीची रेघ, सगळं त्यावर आखलं आणि अख्खं साल सोलल्यासारखं काढलं. आतल्या चिकट बाजूला टाल्कम पावडर.

हा झाला पॅटर्न. हातात घेतला तर तो एक ढिला, लोंबता तुकडा आहे, आकार म्हणावा असं काहीच नाही. पण डाव्या मडगार्डचं क्षेत्रफळ त्यात जागच्या जागी आहे. आणि मोज्यासारखा उलटा केला की तोच उजव्याचा होतो.

11 जानेवारी

उजवी बाहेरची बाजू. या वेळी बकऐवजी तो उलटा केलेला पॅटर्नच पत्र्यावर टाकून तपासतोय. पॅटर्न जिथे ढिला पडतो, फुगतो, तिथे पत्रा कमी आहे, वाढवायचा. पॅटर्न जिथे ताठ ओढला जातो आणि पोचत नाही, तिथे पत्रा जास्त, आटवायचा. पत्रा त्या क्षणी कुठल्या मांडणीत आहे याची फिकीर करायची नाही. डाव्या वेळी तीन आठवडे लागले होते, हा तुकडा सहा दिवसांत पॅटर्नखाली बसला, मध्यात मायक्रोमीटर 1.15 दाखवतो.

ताई व्हीलवर होती. "हा काही मडगार्डसारखा दिसत नाही," म्हणाली. खरंच नव्हता दिसत, एका अंगानं चपटा, दुसऱ्यानं पिळलेला. नळीवर घेऊन दोघांनी पिळला आणि तो तिच्या हातातच वळणावर आला. ती बराच वेळ त्याच्यावरून हात फिरवत राहिली.

1 फेब्रुवारी

उजव्याचे चारही तुकडे जोडून, सांधे मठारून झाले. उलटे केलेले छेद लावून तपासले. माथ्यावर सगळीकडे टेकतात. मागच्या टोकाला आठव्या छेदाखाली 2 मिमी उजेड.

दोन्ही मडगार्डं केरोसीननं पुसून ओली केली, दिवे मालवले आणि एकच ट्यूबलाइट लांब धरून हळूहळू फिरवली. डाव्यावर प्रकाशाची रेघ कमानीपासून टोकापर्यंत न तुटता वळते. उजव्यावर आठव्या छेदापाशी ती जराशी चिंबते आणि पुढे पुन्हा नीट होते. पॅटर्न सुलटा करून डाव्यावर टाकला, उलटा करून उजव्यावर टाकला, दोन्हीकडे सैल नाही, ताठ नाही. म्हणजे त्या 2 मिमीतही धातू पुरेसा आहे.

हातोडी उचलली नाही. टोक गुडघ्यावर घेऊन दोन्ही हातांनी थोडं दाबलं, पुन्हा लावलं, रेघ बरीच सरळ झाली. अजून अर्धा-पाऊण मिमी आहे, तो उद्या दिवसाच्या उजेडात बघतो.